कोणाला किती गुण?

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. भाऊबीजेपासून आज या गावची, उद्या त्या गावची अशी मंडई भरत जाते. हलका धान घरात आलेला असतो, भारी धान अजून शेतात उभा असतो आणि या दोहोंमधल्या सवडीत दिवसा दंडार व रात्री नाटक असा बेत गावोगाव ठरलेला असतो. नाटक पहाटेपर्यंत चालते आणि त्याचा निकाल सकाळी चहाच्या टपरीवर लागतो. खलनायक झकास रंगला, नायकाचा आवाज तिसऱ्या अंकात बसला, विनोदी पात्राने मात्र बाजी मारली, असे निवाडे तिथे खडाखड दिले जातात. या परीक्षकांना कोणी नेमलेले नसते. पण पुढल्या वर्षी कोणती नाटकमंडळी बोलवायची, हे ठरते त्यांच्याच तोंडून.

या सवयीत वाईट काही नाही. दोन माणसे समोरासमोर उभी राहिली की पाहणारा तिसरा आपोआप पंच होतो. मग ती कुस्ती असो, भजनाची बारी असो की सासू-सुनेचे भांडण असो. परंतु आता याच टपरीवर मोबाइलच्या पडद्यात डोके घालून अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा वादही पाहिला जातो आणि त्याचाही निकाल चहाचा पेला रिकामा होण्याच्या आत लागतो. 'त्याने याला पार गप्प केले', 'हा बोलताना अडखळला', 'ती मात्र हसत हसत टोले देत होती'. भाषा अगदी मंडईतल्या नाटकाचीच. अमेरिकेतील वृत्तपत्रे तरी वेगळे काय करतात? वाद संपतो न संपतो तोच जिंकले कोण, हे तिथले पंडित छातीठोकपणे सांगून मोकळे होतात. तेव्हा बिरसीची टपरी आणि वॉशिंग्टनची कचेरी यांत या बाबतीत फारसे अंतर नाही. मला प्रश्न पडतो तो इतकाच, की नटाला ज्या मापाने मोजायचे त्याच मापाने राज्यकर्त्याला मोजावे काय? नटाचे राज्य पडदा पडला की संपते. उमेदवाराचे त्यानंतर सुरू व्हायचे असते.

२६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन समोरासमोर उभे राहिले. दोन प्रमुख पक्षांच्या उमेदवारांचा दूरचित्रवाणीवरील तो पहिलाच वाद. निक्सन गुडघ्याच्या दुखण्याने रुग्णालयात पडून आलेले, अंगाने उतरलेले, चेहरा निस्तेज. त्यातून करड्या रंगाचा पोशाख मागच्या पडद्यात मिसळून गेलेला. केनेडी उन्हाने रापलेले आणि ताजेतवाने. तेव्हापासून अशी कथा सांगतात की ज्यांनी तो वाद रेडिओवर ऐकला त्यांना निक्सन सरस वाटले आणि ज्यांनी तो पाहिला त्यांना केनेडी. या कथेमागचा पुरावा तसा तोकडा आहे. रेडिओ ऐकणाऱ्यांची जी पाहणी झाली ती लहान होती आणि त्या श्रोत्यांत मुळातच निक्सन यांच्याकडे झुकलेले लोक अधिक असावेत, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे. तरीही ती कथा मरत नाही, कारण तिच्यात आपल्याला आपलीच धास्ती दिसते. शब्द तेच, माणसे तीच. कानाचा निकाल एक आणि डोळ्याचा दुसरा! पुढे पावणेसात कोटींहून अधिक मतांत केनेडी जिंकले ते अवघ्या सव्वा लाखाच्या आतल्या फरकाने. मग त्या देशाचे भवितव्य पोशाखाच्या रंगाने ठरले की काय, अशी शंका कोणाच्याही मनाला चाटून जावी.

त्याच देशात याच्या शंभर वर्षे आधी, १८५८ साली, अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांचे इलिनॉय राज्यात सात ठिकाणी वाद झाले. एकेक वाद तीन तासांचा. सेनेटची ती जागा डग्लस यांना मिळाली, म्हणजे त्या दिवसाच्या हिशेबाने लिंकन हरले. पण ते वाद छापून निघाले, लोकांनी ते घरी बसून वाचले, आणि १८६० साली हरलेले लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आले. वादाचा निकाल केव्हा लावायचा, हाही एक प्रश्नच आहे म्हणावयाचा.

आता शाळामास्तरला हा प्रश्न इतका का डाचावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याची पाळी मास्तरवर वारंवार येते. टिळक पुण्यतिथी आली की वक्तृत्व-स्पर्धा, पुढे वादविवाद-स्पर्धा. आणि प्रत्येक वेळी हाती एक गुणपत्रिका. तिच्यावर रकाने आखलेले असतात: विषयाची मांडणी, भाषा व उच्चार, हावभाव, पाठांतर, एकूण परिणाम. 'खरेपणा' असा रकाना मी आजवर पाहिलेला नाही. तो का नसतो हेही मला समजते. आठवीतल्या पोराच्या मनाचा ठाव पाच मिनिटांत कोणी घ्यावा? पण मुले हुशार असतात. हावभावाला दहा गुण आहेत असे कळले, की 'अध्यक्ष महाशय' म्हणतानाच हात आढ्याकडे जातो. आवाजाला गुण आहेत असे कळले, की शेतकऱ्याच्या हलाखीवर बोलणारा मुलगा रणांगणावर असल्यासारखा गर्जू लागतो. ज्याच्या बापाने त्याच आठवड्यात धानावरच्या तुडतुड्यापायी डोक्याला हात लावलेला असतो, तोही! घरचे खरे दुःख बाजूला ठेवून तो पाठ केलेले दुःख बोलतो, कारण गुण त्याला आहेत. म्हणजे गुणपत्रिका ही नुसती मोजपट्टी नव्हे, तो साचा आहे. ज्याला आपण गुण देऊ, ते पीक पुढल्या वर्षी अधिक येते.

मोठ्या माणसांचे याहून निराळे नाही. २३ सप्टेंबर १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथे जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांचा वाद चालू असताना ध्वनियंत्रणा बंद पडली. थोडीथोडकी नव्हे, सत्तावीस मिनिटे. आपल्याकडे एखादा सभेत असे झाले असते, तर वक्त्यांनी पाणी मागवले असते, एकमेकांची विचारपूस केली असती, निदान पानाचा डबा तरी पुढे केला असता. हे दोघे मात्र आपापल्या मेजापाशी खांबासारखे उभे राहिले. ना खाली बसले, ना एकमेकांशी एक शब्द बोलले. पुढे अनेक वर्षांनी दोघांनीही त्याची कबुली दिली. बसलो तर आपण दुबळे दिसू, ही भीती फोर्ड यांना वाटत होती. आणि आपण दोघे यंत्रमानवासारखे उभे होतो हे चित्रफीत पाहून कार्टर यांना ओशाळल्यासारखे झाले. एक देशाचा विद्यमान अध्यक्ष, दुसरा होऊ घातलेला. जगातल्या सर्वांत प्रबळ पदाचे हे दोन मानकरी खुर्चीवर बसायला भीत होते, ते कोणाला? घरोघर गुणपत्रिका घेऊन बसलेल्या तुम्हा-आम्हाला. उमेदवार नाटकी झाले म्हणून आपण नाक मुरडतो. पण त्यांना तसे कोणी घडवले याचा शोध घेत गेले, तर वाट आपल्याच उंबरठ्याशी येते.

मग वाद जोखायचा तरी कसा? आपल्याकडे या गोष्टीचा विचार फार पूर्वी आणि फार बारकाईने झालेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय ते ठरावे म्हणून दोघांनी बोलणे, तो वाद. काहीही करून जिंकावे म्हणून बोलणे, तो जल्प. आणि स्वतःचे म्हणणे काहीच न मांडता समोरच्याचे तेवढे मोडत सुटणे, ती वितंडा. शास्त्रकार भाबडे नव्हते. उगवत्या रोपाच्या रक्षणासाठी काट्यांचे कुंपण घालावे लागते, तसा प्रसंगी जल्पाचा नि वितंडेचाही उपयोग आहे, असे ते मान्य करतात. मात्र सारे शेत कुंपणानेच व्यापले, तर कापणीला काय मिळणार, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

याच न्यायसूत्रांत बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. म्हणजे जिथे वादी हरला असे समजावे अशा बावीस जागा. त्यांतली तीन वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. विचारले एक आणि भलतेच सांगत बसला, ते 'अर्थांतर'. काही कामाचे निमित्त काढून मधूनच वाद सोडून निघाला, तो 'विक्षेप'. आणि तिसरी 'मतानुज्ञा' तर मोठी मौजेची: आपल्यावर आलेला दोष न खोडता 'तुमच्यातही तोच दोष आहे' असे म्हणणे. असे म्हणणाऱ्याने आपला दोष कबूल केला, सबब तो हरला, असा शास्त्राचा निर्णय. आज कोणत्याही निवडणुकीतल्या कोणत्याही सभेचे भाषण घ्या आणि 'तुमच्या राज्यात काय झाले होते?' हे वाक्य त्यात किती वेळा येते ते मोजा. टाळ्या नेमक्या तिथेच पडतात. ज्या जागी शास्त्राने हार नोंदवली, त्या जागी आपण पैकीच्या पैकी गुण देतो!

परंतु नियम कितीही नेटके असले तरी निवाडा करणारा माणूस लागतोच, आणि खरी गोम तिथे आहे. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. पंच म्हणून बसली मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती. तिने दोघांच्याही गळ्यात फुलांचा हार घातला आणि ज्याचा हार आधी कोमेजेल तो हरला असे सांगितले. हार कोमेजला तो मंडनमिश्रांचा. ही दंतकथा आहे; आणि मुक्तपणे बोलायचे तर हाराची कसोटी मला पुरेशी वाटत नाही. थंड डोक्याने खोटे बोलणारे जगात कमी नाहीत आणि अन्यायाने पोळलेल्या खऱ्या माणसाचा हार आधी सुकायचा. त्या कथेत मला मोठे वाटते ते हाराचे नव्हे, हार घालणारीचे. वाद करणाऱ्या दोघांपैकी एक तिचा नवरा होता, आणि निकाल लावताना तिने तो लपवला नाही. आपण मतदार म्हणजे थोड्याफार फरकाने उभयभारतीच असतो. वाद सुरू होण्याआधीच आपले लग्न एका पक्षाशी लागलेले असते, आणि निवाडा द्यायला आपण बसतो तो कुंकू लावूनच. तेव्हा वादात पहिली कसोटी लागते ती पंचाची. 'माझ्या माणसाने या प्रश्नाला बगल दिली' एवढे एक वाक्य ज्याला बोलता येत नाही, त्याने गुणपत्रिका हातात घेऊ नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. साध्या माणसाला परराष्ट्रधोरण काय कळते? चलनवाढीचे गणित त्याने कसे तपासावे? त्याच्या हाती माणसाचे बोलणे-चालणेच असते. त्यावरून तो माणूस ओळखतो, तर त्यात त्याचे काय चुकले? खरोखरच पुष्कळदा चुकत नाही. २७ जून २०२४ रोजी अटलांटा येथे जो बायडन आणि डोनाल्ड ट्रम्प यांचा वाद झाला. बायडन यांचे शब्द अडखळत होते, वाक्ये हरवत होती. लोकांनी जे पाहिले ते दिखाऊ नव्हते, खरे होते. महिना उलटण्याआधीच, २१ जुलैला, त्यांनी उमेदवारी सोडली. पुढे १० सप्टेंबरला कमला हॅरिस आणि ट्रम्प यांचा वाद झाला. त्यात हॅरिस सरस ठरल्या असे लगेच घेतलेल्या पाहण्यांत अधिक लोकांनी सांगितले. आणि नोव्हेंबरात त्याच देशाने निवडून दिले ट्रम्प यांना. म्हणजे 'कोण चांगले बोलले' आणि 'कोणाच्या हाती द्यावे' ही दोन खाती लोक मनात वेगळी ठेवतात. दुसरे खाते त्यांनी नीट लिहिले की नाही, हा वाद ज्याचा त्याने घालावा. खाती दोन आहेत एवढे खरे.

या दुसऱ्या खात्याचा विचार केला म्हणजे मला गावची निवडणूक आठवते. सरपंच निवडताना कोणी उमेदवारांचा वाद ठेवत नाही. त्याची गरजच नसते. बोडीचे पाणी आधी कोणाच्या बांधीत जाणार यावर तंटा झाला तेव्हा हा कोणत्या बाजूने बोलला, भावाशी वाटणी करताना कसा वागला, दुसऱ्याची गाय आपल्या शेतात शिरली तेव्हा काय केले, हे सारे गावाला ठाऊक असते. ही ओळख चाळीस वर्षांची. आमच्या बिरसीला इंग्रजांच्या काळापासूनची धावपट्टी आहे. तिथे वैमानिक होऊ पाहणारी मुले उडायला शिकतात. त्यांचा सलाम किती ऐटदार, हे कोणी पाहत नाही. किती तास उडाला, हे वहीत लिहिलेले असते. पद जसजसे मोठे होते तसतशी ही वही आपल्या डोळ्यांआड होते. सरपंच अंगणातला, आमदार वर्षातून दोनदा दिसणारा, पंतप्रधान वा राष्ट्राध्यक्ष तर पडद्यावरचाच. तेव्हा दीड तासाचा वाद म्हणजे चाळीस वर्षांच्या ओळखीची जागा भरून काढण्याची एक धडपड आहे. ती ओळख म्हणून पाहावी, कुस्ती म्हणून नव्हे. कुस्तीत पाठ टेकली की निकाल. ओळखीत निकाल नसतो, एकेक नोंद होत जाते. धानाच्या कोठीची किल्ली ज्याच्या हाती द्यायची त्याच्याकडे आपण ज्या नजरेने पाहतो, ती नजर इथे हवी.

आणि नोंद कशाची करावी? माझ्या मते एकाच क्षणाची. समोरचा जेव्हा एखादी खरी गोष्ट बोलतो, त्या क्षणी हा काय करतो? मान्य करतो, टाळतो, हसण्यावारी नेतो, की खवळतो? खोट्याला उत्तर द्यायला चलाखी पुरते; प्रतिपक्षाच्या खऱ्याला उत्तर द्यायला माणूस लागतो.

या मातीतलेच एक उदाहरण सांगतो. आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी आम्ही भंडारा जिल्ह्याचे. त्या भंडाऱ्याच्या लोकसभा मतदारसंघात १९५४ साली पोटनिवडणूक झाली आणि राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी मुंबईत ते हरले होते. प्रकृती साथ देत नव्हती, तरी ते भंडाऱ्यात येऊन बोलले. देशाच्या परराष्ट्रधोरणावर, राज्यकारभारावर त्यांनी कठोर टीका केली. विद्वत्तेचे गुण द्यावयाचे असते तर त्या निवडणुकीत दुसरा क्रमांक कोणाचा एवढाच प्रश्न उरला असता. निवडून आले काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब ८,३८१ मतांनी हरले. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले.

त्या काळी अशा दुहेरी मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत. आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच न देता वाया घालवावे, म्हणजे त्यांचे पारडे जड होईल, अशी मसलत काही अनुयायांनी काढली होती. आणि ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवायला सांगणे शोभत नाही, म्हणून बाबासाहेबांनी ती मानली नाही, अशी आठवण त्या निवडणुकीविषयी सांगितली जाते. ही गोष्ट व्यासपीठावर घडली नाही. तिला टाळ्या पडल्या नाहीत. कोणत्याही गुणपत्रिकेत तिला रकाना नव्हता. पण किल्ली कोणाच्या हाती द्यावी, हे कळायला त्या एका नकाराइतके उपयोगी दुसरे काय होते?

इथे मतदारांना दोष द्यावा असा माझा हेतू नाही. बोरकर या भागातले; लोकांच्या रोजच्या ओळखीचे. ओळखीला मत देणे हा गुन्हा नव्हे, हे मी वर म्हटलेच आहे. एवढेच म्हणायचे आहे की आपल्या नजरेपलीकडे माणसाचे जे वागणे असते, त्याची चौकशी करण्याचे कष्ट मत देणाऱ्याने घ्यायला हवेत. खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना, धर्मात भक्ती तारक असेल पण राजकारणात ती अधःपाताकडे नेते, अशा आशयाचा इशारा दिला होता. मला वाटते, भक्ताची आणि प्रेक्षकाची वाट शेवटी एकाच ठिकाणी जाते. भक्त आपली बुद्धी दुसऱ्याच्या पायांवर ठेवतो, प्रेक्षक ती तिकिटाबरोबर दारात देऊन आत शिरतो. दोघांनाही मग विचार करण्याचा त्रास उरत नाही.

आपल्या भाषेने 'गुण' हा एकच शब्द दोन्हींसाठी ठेवला आहे: परीक्षक देतो ते गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. हा निव्वळ योगायोग असेल. पण मुलांच्या वह्या तपासताना तो मला नेहमी बजावत राहतो, की जे मी कागदावर देईन तेच पुढे अंगी लागणार आहे.

दिवाळीत घरोघर माणसे जमतात. फराळाच्या ताटाभोवती काका एका पक्षाचे, मामा दुसऱ्या, आणि शहरातून आलेला पुतण्या तिसऱ्याच. चकलीपेक्षा आवाज मोठा होऊ लागतो आणि घरातल्या बाया 'पुरे करा आता' म्हणून चहा पुढे करतात. अशा वेळी एक खेळ करून पाहावा. ज्याला आपल्या उमेदवाराची बाजू मांडायची असेल त्याने आधी विरोधी उमेदवाराचे एक म्हणणे असे सांगावे, की जे त्याला स्वतःला खरे वाटते. ते सांगितल्याशिवाय पुढची चकली नाही. बहुतेक घरांत पहिली पाच मिनिटे शांततेत जातील. जाऊ द्यावीत. पोरे ताटाशीच बसलेली असतात. कोण काय कबूल करतो, याकडे त्यांचे बरोबर लक्ष असते.